भाचीला चालतं, मग मुलाला का नाही?

पुण्याहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा अमेरिकेतल्या एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, टेनिसच्या अर्ध्या स्कॉलरशिपवर. उरलेल्या खर्चासाठी शैक्षणिक कर्ज काढलं आहे. विद्यापीठाच्या गावातल्या एका एनर्जी ड्रिंक कंपनीने त्याला इन्स्टाग्रामवरच्या सहा व्हिडिओंसाठी ५,००० डॉलर देऊ केले आहेत. मुलगा म्हणतो, टीममधले सगळेच घेतात आणि पैसे पुण्यातल्या खात्यात मागवले की व्हिसाचा प्रश्नच येत नाही. न्यू जर्सीतल्या नणंदेची मुलगी दुसऱ्या एका मोठ्या विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळते. तिला तिथल्या एका कार शोरूमने वापरायला गाडी आणि वर १२,००० डॉलर दिले आहेत. नणंद म्हणते, "वहिनी, घेऊ दे की त्याला, इकडे आता सगळं कायदेशीर आहे." यजमानांचं म्हणणं उलटं: शिकायला पाठवलंय, जाहिराती करायला नाही, सरकारने या पैशांवर सरळ मर्यादा घालायला हवी. त्यातच मुलगा लहानपणी जिथे खेळला त्या पुण्यातल्या अकादमीला तो उन्हाळ्यात आला की त्याचा फोटो होर्डिंगवर लावायचा आहे, त्याचे दीड लाख रुपये द्यायला ते तयार आहेत. आईने शेवटी विचारलं आहे: "मी कोणाचं ऐकू? आणि नाही म्हटलं तर मुलावर अन्याय होईल का?"

ताई,

आधी ५,००० डॉलरचं सांगते, कारण त्याला घाई आहे. ते सध्या घेऊ नका. मुलाने कंपनीला होकार कळवू नये, सही करू नये, नमुना म्हणून एखादा व्हिडिओसुद्धा करून देऊ नये. फुकट आलेले ड्रिंकचे खोके हातात धरून फोटो टाकू नये. हे त्याला आज रात्रीच्या फोनवर सांगा, बाकीचं पत्र सावकाश वाचा.

तुमच्या घरात तिघं जण तीन नियमांबद्दल बोलताहेत आणि प्रत्येकाला वाटतंय की नियम एकच आहे. नणंद बोलतात ती कॉलेज खेळांच्या नियमांबद्दल, आणि त्या खोटं बोलत नाहीत. मुलगा बोलतो ते बँकेबद्दल. यजमान बोलताहेत ते नियम कसा असायला हवा होता याबद्दल. ज्या नियमावर तुमच्या मुलाचं तिथलं राहणं अवलंबून आहे, तो व्हिसाचा नियम, पत्रात फक्त मुलाच्या एका ओळीत येतो, आणि तिथेही चुकीचा.

एफ-१ हा विद्यार्थ्यांचा व्हिसा आहे. त्यावर काम करायला मुभा आहे ती मोजकी: सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत, आणि कॅम्पसबाहेर करायचं असेल तर आधी रीतसर परवानगी घेऊन, तेही बहुतेक वेळा अभ्यासक्रमाशी जोडलेलं. ड्रिंकच्या कंपनीसाठी व्हिडिओ करणं यातल्या कशातच बसत नाही. आणि काम अमेरिकेच्या भूमीवर बसून केलं की ते अमेरिकेतलं काम, पैसे कोथरूडच्या शाखेत जमा होवोत नाहीतर मावशीच्या खात्यात. मोबदला म्हणजे नोटाच असंही नाही. जाहिरातीच्या बदल्यात मिळालेले बूट किंवा वापरायला दिलेली गाडीसुद्धा मोबदला ठरू शकते. परवानगीशिवाय काम केल्याचं निघालं तर विद्यार्थी म्हणून असलेला दर्जा जातो. मग स्कॉलरशिप, डिग्री, पुढे नोकरीसाठी मिळणारी परवानगी, पुढचा प्रत्येक व्हिसा, सगळंच धोक्यात येतं. आणि इथे पुरावा शोधायला कोणाला फिरावं लागत नाही. जाहिरात म्हणजे मुलाने स्वतःच्या नावानिशी, तारखेनिशी सगळ्या जगाला दाखवलेला पुरावा.

"सगळेच घेतात" यातले सगळे कोण, हे मुलाला विचारा. टीममधली नावं घ्यायला लावा आणि प्रत्येकाचा पासपोर्ट कुठला ते विचारा. अमेरिकन कॉलेज टेनिसमध्ये परदेशी मुलं भरपूर असतात, तेव्हा त्याच्यासारखी दोन-चार तरी निघतीलच. त्यातलं कोणी खरोखरच घेत असेल तर त्याच्याकडे एक तर वेगळा व्हिसा आहे, नाहीतर वेगळं काम आहे, नाहीतर ते मूल धोका पत्करतंय.

आता यजमानांकडे वळते. त्यांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही, पण ते दोन वाक्यांत उडवून लावण्यासारखंही नाही. शिकत्या वयात हातात पैसा आला की मूल बिघडतं, ही भीती आपल्या घराघरांत आहे. गंमत अशी की ती निवडक आहे. २०२४च्या आयपीएल लिलावात राजस्थान रॉयल्सने १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाखांना घेतलं, तेव्हा आपण पोराचं कौतुकच केलं. त्याने आधी दहावी करावी आणि मग मानधन घ्यावं, असं म्हणणारे फार भेटले नाहीत.

अमेरिकेत शंभरेक वर्षं उलटं चालत होतं. कॉलेजकडून खेळणाऱ्याने शिक्षण आणि राहणं-जेवण घ्यावं, स्वतःच्या नावावर एक डॉलर कमवू नये. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं कॉलेज टेनिसचा एकेरीचा विजेता होता. आपला पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला. त्या काळात यांपैकी कोणी कॅम्पससमोरच्या पिझ्झाच्या दुकानासाठी फोटो दिला असता तर खेळण्याची पात्रताच गेली असती. हा नियम करणारी संस्था एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना. बचाव हाच होता जो तुमच्या घरात चालू आहे: ही मुलं विद्यार्थी आहेत, पैशांनी बिघडतील.

पण त्याच मैदानांवर पैसा कमी नव्हता. टीव्हीचे करार, तिकिटं, जर्सी, व्हिडिओ गेम. अलाबामा विद्यापीठाचे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक निक सेबन वर्षाला १ कोटी डॉलरहून जास्त घेत होते आणि अनेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी माणूस हा कॉलेजचा कोचच असतो. बिघडण्याची भीती फक्त घाम गाळणाऱ्यासाठी राखून ठेवली होती. यूसीएलए विद्यापीठाचा जुना बास्केटबॉलपटू एड ओ'बॅनन एकदा ओळखीच्या माणसाकडे गेला, तर तिथे व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब तोच खेळत होता, आणि त्याला त्याचे पैसे शून्य. २००९मध्ये तो कोर्टात गेला. कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये कायदा केला की खेळाडूला स्वतःच्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घेता आले पाहिजेत. जून २०२१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल एनसीएएच्या विरोधात दिला. तो निकाल शिक्षणाशी जोडलेल्या लाभांपुरता होता, पण वारा कुठे वाहतोय ते संघटनेला कळलं. १ जुलै २०२१पासून नाव, चेहरा आणि ओळख यांचे पैसे घ्यायला खेळाडूंना मोकळीक मिळाली. तिथे याला एनआयएल म्हणतात. तुमच्या भाचीला मिळते ती हीच मोकळीक.

म्हणून यजमानांना एक विचारा. मुलाचा फोटो विद्यापीठाच्या वेबसाइटवर आहे का? असणारच. टेनिस सेंटरच्या भिंतीवर, देणगीदारांना पाठवायच्या पत्रकावर? त्यावर त्यांचा आक्षेप आहे का? चेहरा वापरला जाण्याला हरकत नाही, फक्त पैसे मुलाकडे यायला हरकत आहे, अशी जर भूमिका असेल तर ती संस्काराची नाही, ती जुन्या एनसीएएची आहे. यजमान रागावतील. रागावू द्या, पण प्रश्न विचाराच.

त्यांची दुसरी मागणी, सरकारने मर्यादा घालावी. ऐकायला सोपी आहे, पण तिथे ती का घालता येत नाही हे कळलं की या सगळ्या गोंधळाचं कारण कळतं. शंभर विद्यापीठांनी एकत्र बसून "खेळाडूला इतकेच द्यायचे" असं ठरवणं, हे अमेरिकन कायद्याच्या नजरेत शंभर कारखान्यांनी संगनमत करून मजुरी पाडण्यासारखं आहे. तिथला मक्तेदारीविरोधी कायदा १८९०चा आहे आणि ऑल्स्टन खटल्यात न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी वेगळं मत जोडून हेच बजावलं की दुसऱ्या कुठल्याही धंद्यात हे चाललं नसतं. मर्यादा घालायचे सरळ मार्ग दोन. एक, संसदेने कायदा करून विद्यापीठांना सूट द्यावी. त्यावर वर्षानुवर्षं नुसती चर्चा चालली आहे. दोन, खेळाडूंना कर्मचारी मानावं, त्यांची युनियन व्हावी आणि तिने वाटाघाटी करून आकडा मान्य करावा, जसं तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये होतं. डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला होता. वर्ष संपता संपता युनियनचा अर्ज मागे घ्यावा लागला.

मधला मार्ग निघाला तो कोर्टातल्या तडजोडीतून. ॲरिझोना स्टेटचा जलतरणपटू ग्रँट हाउस याच्या नावाने चाललेल्या खटल्यात ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर दहा वर्षांत द्यायचे. पुढे विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, आणि त्याला मात्र मर्यादा आहे: २०२५-२६साठी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. म्हणजे यजमानांची मर्यादा आली आहे, पण ती विद्यापीठाच्या खिशाला. बाहेरची कंपनी जाहिरातीचे किती देते याला वरची मर्यादा नाही. तिथे फक्त तपासणी आहे.

यात टेनिसवाल्यांच्या वाट्याला काय येतं तेही बघा. थेट पैशांतला सिंहाचा वाटा मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. आणि पैसे तिकडे वळले की इकडच्या संघांवर कुऱ्हाड पडू शकते. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉलीने मार्च २०२५मध्ये पोहणं आणि डायव्हिंगचे संघ बंद केले, तेव्हा येऊ घातलेल्या या तडजोडीचा खर्च हे एक कारण सांगितलं होतं. नियमांचं हे सगळं बांधकाम फुटबॉलच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे संघातल्या मुख्य खेळाडूला, डोळ्यांसमोर ठेवून झालं आहे. पुण्याहून आलेला, अर्ध्या स्कॉलरशिपचा, एफ-१ व्हिसावरचा टेनिसपटू त्यात कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. त्यामुळे "कायदेशीर झालंय" ही बातमी खरी असूनही तुमच्या मुलाच्या दारापर्यंत पोहोचत नाही.

हा अन्याय आहे का, असं तुम्ही विचारलंत. आहे, थोडा आहे. तोच संघ, तोच सराव, बाजूच्या कोर्टवरच्या मुलाला घेता येतं ते याला घेता येत नाही, तेही खेळात कमी आहे म्हणून नाही. मुलाला वाईट वाटत असेल तर "असं काही नसतं रे" म्हणून त्याची समजूत काढू नका. वाईट वाटण्यासारखंच आहे. फक्त हा अन्याय तुम्ही केलेला नाही, आणि दूर करणं तुमच्या हातातही नाही.

तुमच्या हातात आहे ते पुण्यातलं होर्डिंग. तुमच्या पत्रात तुम्ही ते सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंत. माझ्या मते पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. काँगोहून आलेला ऑस्कर चिब्वे केंटकी विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळायचा, २०२२चा अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू. तोही विद्यार्थी व्हिसावर. ऑगस्ट २०२२मध्ये संघ बहामाला सामने खेळायला गेला, तेव्हा त्याने जाहिरातींची कामं तिथे उरकली. अमेरिकेबाहेरच्या भूमीवर केलेलं काम. परदेशी खेळाडूंचे वकील तेव्हापासून हीच वाट दाखवतात. तुमच्या मुलाला त्यासाठी बहामा नको, उन्हाळ्याची सुट्टी पुरे.

पण तिथेही काही पथ्यं आहेत. फोटो, चित्रीकरण, मुलाखत, मुलांसोबतचा कार्यक्रम, जे काही आहे ते सगळं तो पुण्यात असतानाच पूर्ण व्हावं. अकादमीने आपल्या पानावर टाकायचं ते टाकावं. मुलाने परत गेल्यावर त्यासाठी काही करायचं नाही, साधी स्टोरीसुद्धा नाही, निदान वकिलाने हो म्हणेपर्यंत. विद्यापीठाचा लोगो किंवा जर्सी फोटोत नको, त्याला वेगळी परवानगी लागते. करार मुलाच्या स्वतःच्या नावाने, पैसे बँकेतून, टीडीएस कापून. "आपल्यातलेच आहेत" म्हणून पाकिटात नकोत. पुण्यात मिळवलेल्या पैशांवर भारतात कर आहेच, आणि तिकडच्या रिटर्नमध्ये काय दाखवायचं हे परदेशी विद्यार्थ्यांची रिटर्न भरणाऱ्या माणसाला विचारून ठरवा. भारत-अमेरिका करारात आपल्या विद्यार्थ्यांना काही सवलत आहे, ती सगळ्याच सीएंना माहीत नसते.

आणि हे पैसे पुण्याचे असले तरी विद्यापीठाला कळवायचे. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या प्रत्येक खेळाडूने ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेचा बाहेरचा करार 'एनआयएल गो' नावाच्या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदवायचा असतो, सही झाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत. तुमचे दीड लाख रुपये त्या रेषेच्या बरेच वर आहेत. नोंद केली नाही तर खेळण्याची पात्रता अडकू शकते. परदेशात केलेल्या कामालाही हे लागू आहे, कारण इथे कामाची जागा बघत नाहीत, खेळाडू कोण ते बघतात. व्हिसाचा नियम नेमका उलटा, तो जागा बघतो. एकाच्या मापाने दुसऱ्याला मोजलं की घोळ होतो.

यातलं काहीही माझ्या शब्दावर करू नका. विद्यापीठात दोन वेगळी ऑफिसं आहेत. एक खेळ विभागातलं कम्प्लायन्स ऑफिस, ते खेळाच्या नियमांचं बघतं. दुसरं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय, तिथला डीएसओ, म्हणजे त्यासाठी नेमलेला अधिकारी, व्हिसाचं बघतो. मुलं कोचला विचारतात आणि कोच म्हणतो "कम्प्लायन्सला विचार", तिथून हो आलं की मुलं निर्धास्त होतात. कम्प्लायन्सचं हो म्हणजे खेळाच्या बाजूचं हो, इतकंच. मुलाने दोन्हीकडे ईमेलने विचारावं आणि उत्तरं जपून ठेवावीत. होर्डिंगच्या कराराआधी इमिग्रेशन वकिलाचा एक तास विकत घ्या. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदेशीर सल्ल्याची सोयही असते. विद्यापीठ स्वतः खेळाडूंना जो थेट वाटा देतं तो एफ-१वर चालतो का, यावर वकिलांमध्येच एकमत नाही, तेव्हा तसा प्रस्ताव आला तर हा वकील आणखीच लागेल.

थोडं नणंदबाईंसाठी, त्यांना हे वाचायला पाठवायला हरकत नाही. भाची नागरिक आहे, तिला व्हिसाची चिंता नाही. पण शोरूमचा मालक जर त्या विद्यापीठाचा देणगीदार असेल, आणि गावातले शोरूमवाले बरेचदा असतातच, तर तिचा करार जास्त बारकाईने तपासला जाणार: व्यवहार खरा आहे का, आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का. जाहिरातीच्या नावाखाली खेळाडू संघात ओढण्यासाठी दिलेले पैसे रोखायचे, हा त्यामागचा हेतू. नोंद केली आहे ना, एवढं त्यांनी बघावं. दुसरं, हे १२,००० डॉलर तिच्या हातात पूर्ण राहणार नाहीत. ती तिथे स्वतंत्र धंदा करणारी धरली जाते. आयकर वेगळा आणि स्वयंरोजगाराचा साधारण १५.३ टक्के कर वेगळा, तोही दर तिमाहीला आगाऊ भरायचा. गाडीच्या वापराचीही किंमत उत्पन्नात धरली जाऊ शकते. गरजेवर आधारित आर्थिक मदत घेत असेल तर हे उत्पन्न पुढच्या अर्जात दिसेल. एप्रिलमध्ये रिटर्न भरताना रडण्यापेक्षा एक तृतीयांश बाजूला टाकावेत.

करार वाचण्याबद्दल मात्र दोघींना सारखंच सांगते. फ्लोरिडा विद्यापीठाच्या गर्व्हॉन डेक्स्टर या फुटबॉलपटूने २०२२मध्ये एका कंपनीकडून ४,३६,४८५ डॉलर घेतले. बदल्यात व्यावसायिक लीगमध्ये गेल्यावर पुढची २५ वर्षं करपूर्व कमाईच्या १५ टक्के त्या कंपनीला. पुढच्याच वर्षी शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतलं आणि त्याला तो करार मोडून मिळावा म्हणून कोर्टात जावं लागलं. वीस वर्षांच्या मुलाला २५ वर्षं म्हणजे काय ते कळत नाही, यात त्याचा दोष नाही. तोंडी शब्दाचं टोक दुसरं: लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठाचा फुटबॉलपटू मॅथ्यू स्लुका २०२४मध्ये तीन सामने जिंकून संघ सोडून गेला, कबूल केलेले १ लाख डॉलर मिळाले नाहीत म्हणून. विद्यापीठाने तसा करार झाल्याचं नाकारलं. कागदावर काहीच नव्हतं. पुण्यातल्या होर्डिंगलाही हेच लागू. फोटो किती महिने वापरणार, कुठे कुठे, उद्या अकादमीने शाखा काढल्या तर तिथेही का, मुलगा उद्या दुसऱ्या अकादमीत शिकवू शकेल का, हे सगळं लिहून घ्या. "कायमस्वरूपी" हा शब्द कुठे दिसला तर खोडायला लावा. लहानपणीचे सर आहेत, संकोच वाटेल. तरी लिहून घ्या.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाहीच, ती मला विचाराविशी वाटते. मुलाला ५,००० डॉलर कशासाठी हवेत? तुम्ही कर्जाचं लिहिलंत, यजमानांच्या मताचं लिहिलंत, नणंदेचं लिहिलंत, पण त्याचं कारण कुठे नाही. कदाचित त्याला तुमच्या हप्त्याचं ओझं वाटत असेल आणि तोंडाने सांगता येत नसेल. कदाचित टीम बाहेर जेवायला जाते तेव्हा तो "भूक नाही" म्हणत असेल. कदाचित नुसतं आतेबहिणीशी बरोबरी करायची असेल. एकोणीस-वीसच्या वयात तेही कारण पुरतं. प्रत्येक कारणाला उत्तर वेगळं आहे. हप्त्याचं ओझं असेल तर आकडे त्याच्यापुढे ठेवा, बहुतेक वेळा मुलांनी मनात धरलेला आकडा खऱ्याहून मोठा असतो. हातखर्चाचा प्रश्न असेल तर कॅम्पसवरचं काम आहे, एफ-१ला उघड परवानगी असलेलं: लायब्ररी, जिम, टेनिस सेंटरचं काउंटर. रॅकेटचं गटिंग चांगलं येत असेल तर विद्यापीठाच्याच टेनिस सेंटरमध्ये ते काम मिळतं का बघावं. मात्र विद्यापीठाने कामावर घेतलेलं हवं, होस्टेलच्या खोलीत मित्रांच्या रॅकेट्सचं पैसे घेऊन करणं नको. हंगामात सराव आणि अभ्यास सांभाळून २० तास निघणार नाहीत, आठ-दहा निघतील.

आणि कोचशी स्कॉलरशिपबद्दल बोलायला सांगा. पूर्वी पुरुषांच्या टेनिस संघाला मिळून साडेचारच स्कॉलरशिप देता येत, त्या सगळ्यांत वाटायच्या. म्हणून तर त्याला अर्धी मिळाली असणार. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांना ही अट आता नाही, तिथे संघात जास्तीत जास्त दहा जण एवढीच अट आहे आणि दहाही जणांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते. देतीलच असं नाही, टेनिससाठी हात आखडता असतो. पण त्याचं विद्यापीठ त्यात आहे का, आणि तिसऱ्या वर्षी वाढ होऊ शकते का, हे त्याने हंगाम संपताना, निकाल हाताशी असताना विचारावं. अर्ध्याची पाऊण झाली तरी ती रक्कम ड्रिंकच्या कंपनीच्या पैशांहून मोठी असेल, आणि ती कोणापासून लपवावी लागणार नाही.

ड्रिंकच्या कंपनीला काय कळवायचं? सरळ लिहावं की विद्यार्थी व्हिसामुळे सध्या अमेरिकेत जाहिरातीचं काम करता येत नाही, प्रस्तावाबद्दल आभार. असं लिहिण्यात कमीपणा नाही. अशा कंपन्यांना परदेशी खेळाडूंकडून हे उत्तर नेहमी मिळतं. त्यांनी "मग पैसे न घेता नुसतं टॅग कर" किंवा "मित्राच्या नावाने करू" असं सुचवलं तर त्या ईमेलला उत्तर देण्याआधी ते डीएसओला दाखवावं. खोके आलेच असतील तर न उघडता परत पाठवावेत. तसंही एनर्जी ड्रिंक्स आणि सप्लिमेंट्समध्ये काय असतं याची खात्री देणं कठीण, आणि डोपिंगच्या चाचणीत "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. संघाच्या ट्रेनरला विचारल्याशिवाय ते प्यायचंही नाही, जाहिरात राहिली बाजूला.

अकादमीला मात्र लगेच नाही म्हणू नका. मुलगा मे महिन्यात येतो असं तुम्ही लिहिलं आहे, त्याआधी दोन्ही ऑफिसांची उत्तरं यायला वेळ लागेल, तेव्हा ईमेल याच आठवड्यात जायला हवेत. कराराचा मसुदा अकादमीकडून आधी मागून घ्या आणि वकिलाला तोच दाखवा, तोंडी वर्णन नको. यजमानांनाही त्या बैठकीला बसवा. पैसे नकोत म्हणणारा माणूस करारातली खोच सगळ्यात आधी पकडतो.